बारा शेंगा आणि चौथा वाटा

मैत्रिणींनो, आज संध्याकाळपासून जिवाला घोर लागलाय.

शेजारची तिसरीतली कावेरी माझ्याकडे भागाकार शिकायला येते. उद्या तिची चाचणी आहे. मागच्या वेळी भोपळा मिळाल्यापासून ती शाळेच्या नावानंच रडते.

मी बारा शेंगा दिल्या. "तिघींत सारख्या वाट." तिनं चार वाटे केले आणि उत्तर दिलं, तीन.

"चौथा कुणाचा गं?"

"येडाईचा. देवीचा आधी काढायचा असतोय, आज्जी. तुमाला ठाव न्हाय व्हय?"

"पेपरात देवी नसते, बाळा."

"मग ती उपाशी राहील की."

आमच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी फूटपट्टी उगारली असती. मला तो वाटा मोडवेना. "उद्या असंच गणित आलं तर चार लिही," एवढंच म्हणाले. तिनं मान हलवली, पण देवीच्या तीन शेंगा माझ्या देव्हाऱ्यात ठेवून गेली.

तुम्ही तिला काय सांगितलं असतं?