ॲसिडिटीची गोळी

चौबे कॉलोनीत आमच्या शेजारचे काका रेल्वेतून रिटायर झालेले आहेत. कुणाचं दुखणं कळलं की ते उपाय घेऊन दारात येतात. मी रोज ओट्यावर बसून गोळी घेतो, हे पाहून त्यांनी चौकशी केली. फुप्फुसाच्या कॅन्सरची आहे, हे सांगायची मला लाज वाटली. "ॲसिडिटी," मी म्हणालो. लपवायला याहून बरा आजार मला सुचला नाही.

परवा ते गुलाबी औषधाची बाटली आणि चमचा घेऊनच आले. "ऐका भाऊ, इतके दिवस गोळ्या खाऊन राहिले, मग पोट काहून सुधरत नाही? हे घ्या, माझ्यासमोर."

चमचा तोंडाशी आला आणि डॉक्टरांनी बजावलेलं आठवलं. ॲसिडिटीचं औषध विचारल्याशिवाय घेऊ नका, या गोळीचा असर कमी होतो. मग खरं सांगावंच लागलं.

काकांनी चमच्यातलं औषध सावकाश बाटलीत परत ओतलं, झाकण लावलं आणि हळूच विचारलं, "दुखते का भाऊ?"

पोटाबद्दल माझ्याकडे ढीगभर उत्तरं तयार होती. या वेळी मी खरं तेच सांगितलं, "रात्री दुखतं."

"हव," ते म्हणाले, आणि माझ्याशेजारी ओट्यावर बसले.