दोन औट सात

नाही सर, बदलणार नाही. 'सांगटलं' चूक आणि 'सांगितलं' बरोबर, हे तुम्ही काल पाचव्यांदा लिहून पाठवलंत. आमचे आजोबा 'सांगटलं' म्हणायचे, बाप म्हणायचा, मी पण म्हणणार. आमची माणसं इकडं तमिळ मुलखात आली तेव्हा तुमच्याकडनं जी भाषा बांधून आणली, तीच आम्ही वापरतोय. मागनं तुम्ही बदललीत आणि आम्हाला कळवलं नाहीत. त्यात आमची काय चूक?

पुण्याचे हे सर फोन उचलत नाहीत. म्हणून तुम्हा बाकीच्यांना सांगतो, बसा. आमच्या मराठी व्हिडिओंचे किस्से माझ्या पानवेलीसारखे आहेत. एक खुडावा तर खाली दोन फुटलेले असतात.

मी वेंकोबा. कुंभकोणमहून मरुदानल्लूरला जाताना डाव्या हाताला जो पानमळा दिसतो, तो माझा. शाळा चौथीपर्यंत. पाचवीत मास्तरशी भांडण झालं, मास्तर तिथंच राहिला, मी निघून आलो. रुक्माक्का माझी थोरली बहीण. ती मात्र शिकली, तमिळ शाळेत टीचर झाली, रिटायर झाली. आपल्या लोकांची पोरं चेन्नई-बेंगळुरूला घरात मराठी बोलत नाहीत, हे तिचं दुखणं. म्हणटली, "नुसतं मराठी बोला म्हणून कोण ऐकणार? शाळेत जे आहे तेच आपल्या भाषेत सांगू. पाच-पाच मिनिटं."

बोलणार अक्का. फोन धरणार सेल्वी, तिचं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे, मराठीचा एक शब्द येत नाही. आणि व्हिडिओत लागेल ते सामान म्हणजे मी.

* * *

पहिला व्हिडिओ हवेवर. अक्का फळ्यापुढं उभी राहून म्हणटली, "वायू सगळीकडं असतो. डोळ्यांना दिसत नाही, पण असतो."

फोन हलायला लागला. तमिळमध्ये वायू म्हणजे पोटात धरतो तो. सेल्वीला पूर्ण वाक्यात तेवढा एकच शब्द कळलेला.

अक्का आपली गंभीर. "वायूला वजन असतं. वायू जागा व्यापतो." सेल्वी हसून खाली बसली. अक्का म्हणटली परत घेऊ. चारदा घेतला.

चौथ्या वेळी भिंतीपलीकडच्या मामी ओव्याचं पाणी घेऊन आल्या. त्यांनाही तोच एक शब्द कळत होता. म्हणटल्या, "टीचर, सकाळपासून ऐकतेय. एवढा त्रास होता तर आधी सांगायचं नाही का?"

शेजारणीचं मन कसं मोडायचं? अक्कानं ते पाणी फोनसमोरच पिऊन टाकलं. बेंगळुरूच्या एका पोरानं खाली लिहिलं, "शेवटी आजी प्यायल्या तो कोणता वायू?"

* * *

मग पृथ्वी सूर्याभोवती फिरते तो व्हिडिओ. सूर्य मी. हातात पितळेचं ताट धरून मळ्यात उभा. अक्का पृथ्वी, गुडघा दुखत असून पण फिरत होती. मला एकच काम सांगटलेलं, हलायचं नाही.

अक्का म्हणटली, "सूर्य जागचा हलत नाही." आणि त्याच क्षणी एक गाय कुंपण मोडून माझ्या वेलीत घुसली.

सूर्य ताट टाकून पळाला. पळताना गाईला, गाईच्या मालकाला आणि मालकाच्या सासऱ्याला जे काय म्हणायचं ते म्हणटला. पृथ्वी मधेच थांबून राहिली. सेल्वीनं फोन बंद केलाच नाही.

परत आलो तर अक्का तशीच कमरेवर हात ठेवून उभी. "आता सहा महिने रात्र की काय, वेंकोबा?"

तो व्हिडिओ सगळ्यात जास्त चालला. पोरं अजून वाटेत विचारतात, सूर्य मामा, गाय बरी आहे ना?

* * *

तो बघूनच पुण्याच्या सरांचा फोन आला. सर शाळेच्या व्हिडिओंचं ॲप चालवतात, महाराष्ट्रातल्या शाळांतली पोरं ते बघतात. म्हणटले, आजींचे व्हिडिओ आम्ही घेतो. अक्का खूश. ज्या गावातनं आपण आलो त्या गावच्या पोरांना आता आपण शिकवणार म्हणून. आठवडाभर आल्यागेल्याला कॉफी मिळत होती.

सर स्वतः भेटायला आले. यायच्या आधी तमिळ शिकून आले, इंग्रजी अक्षरं वाचून. आमची गाठ अक्काच्या जुन्या शाळेपाशी पडायची होती. शाळेला तमिळमध्ये 'पळ्ळी' म्हणतात, ळ जाड. सरांनी ऑटोवाल्याला विचारलं, "पल्ली कुठं आहे?"

पल्ली म्हणजे पाल.

ऑटोवाला चांगला माणूस. त्यानं सगळीकडं बघितलं आणि म्हणटला, "इथं नाही साहेब. दिवा लागला की भिंतीवर येईल. थांबता का?"

सर पाऊण तास थांबले. त्यांना वाटलं संध्याकाळची शाळा आहे.

मी हसलो नाही. पाहुणा माणूस, ल आणि ळ चुकला तर चुकला. ही गोष्ट मी मुद्दाम लक्षात ठेवली, कारण पुढं हेच सर आमचे उच्चार तपासायला बसले.

* * *

पुण्यातनं पहिला व्हिडिओ तयार होऊन आला तो गुणाकाराचा. आमच्याकडं शंभर पानांच्या जुडीला कवळी म्हणतात. अक्कानं माझ्या मळ्यात बसून विचारलं होतं, "एका कवळीत शंभर पानं, तर तीन कवळ्यांत किती?"

सरांनी सेल्वीचं चित्रण काढून टाकलं होतं आणि नवीन रंगीत चित्रं घातली होती. आम्ही सगळे सेल्वीच्या दुकानात बघायला बसलो. अक्काचा आवाज आला, एका कवळीत शंभर पानं, आणि पडद्यावर आली दातांची कवळी. गुलाबी हिरड्या, पांढरे दात. तीन कवळ्या म्हणटल्यावर तीन आल्या आणि हसल्या. मग एकेका कवळीच्या तोंडातनं हिरवी पानं बाहेर पडायला लागली. तीनशे होईपर्यंत.

मी फोन लावला आणि मनात होतं ते सगळं बोललो. सर शांतपणे म्हणटले, "काका, महाराष्ट्रात कवळी म्हणजे दातच. मुलांचा गोंधळ होईल."

सेल्वीनं भाषा न कळता विचारलं, "अण्णा, हा दात घासायचा धडा आहे का?"

अक्का म्हणटली, कवळी काढा, जुडी घाला. मग सरांनी तिचं 'सांगटलं' काढलं, तिनं सोसलं. मग तिचा आवाज काढून पुण्याच्या एका मुलीचा घातला. मुलगी गोड बोलते, तक्रार नाही. पण फळ्यापुढं तोंड हलतंय माझ्या बहिणीचं आणि आवाज विशीतल्या पोरीचा. अक्कानं एकदा बघितला आणि चष्मा काढून ठेवला. म्हणटली, "माझी औटकी ठेवली म्हणजे झालं. बाकी काय करायचं ते करा."

औटकी तिची जीव की प्राण. साडेतीनचा पाढा. आमच्या बापानं तिला मळ्यात पाणी देताना शिकवला, त्याला त्याच्या बापानं. तो व्हिडिओ तिनं एका दमात केला, एकही चूक नाही.

सरांनी तो आखाच्या आखा कापला. कारण लिहिलं, 'औट हा शब्द मराठी वाटत नाही. तमिळ असावा.'

त्या दिवसापासनं अक्कानं खडू हातात घेतला नाही. फळा भिंतीकडं तोंड करून ठेवलाय. सेल्वी दोनदा येऊन गेली, परत पाठवली. अक्का म्हणते, पोरांना शुद्ध आवाज मिळालाय, माझं काय काम आता.

* * *

गेल्या रविवारी सरांनी व्हिडिओ कॉल केला, आजींची समजूत काढायला. आपल्या घरातनं बोलत होते. मागं टेबलाशी त्यांचे वडील मटार सोलत बसलेले. ऐंशीच्या पुढचे, आमच्याकडं बघत पण नव्हते.

सर हळू आवाजात समजावत होते की आजी, पुस्तकात नसलेला शब्द शाळेत कसा चालेल. अक्का ऐकत होती. मला राहवेना. मी फोन ओढून घेतला आणि म्हणटलं, औट मराठी नाही काय? अक्का, म्हण गं. म्हणून दाखव ह्यांना.

ती नको नको म्हणटली. मग फोनकडं न बघता, बारीक आवाजात, "एक औट साडेतीन."

मागनं मटार सोलता सोलता, मान वर न करता, "दोन औट सात."

सर वळले.

अक्का म्हणटली, "तीन औट साडेदहा."

"चार औट चौदा."

सर म्हणटले, "बाबा, हे तुम्हाला कुठनं येतं?"

म्हातारा म्हणटला, "तुला शिकवायला घेतलं होतं. तू रडलास, म्हणून सोडून दिलं. बाजूला हो, बाईंना दिसू दे."

सर बाजूला झाले. दोघं दहा औट पस्तीसपर्यंत गेली.

आज गुरुवार, चार दिवस झाले. सर, तो औटकीचा व्हिडिओ परत लावा. अक्काच्या आवाजात.