अर्ध्या गुणाचे आप्पा

"ठाऊक आहे, की ठोकतेस?"

आप्पा लेले माझ्याशी बोलले ते हे पहिलं वाक्य. आम्ही भाट्याला नुकतंच बिऱ्हाड हलवलं होतं आणि मी रत्नागिरीच्या एस.टी.ची वाट बघत उभी होते. शेजारी एक उंच, किडकिडीत गृहस्थ छत्री टेकून उभे होते. गाडी गेली का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येईल आता पाच मिनिटांत. त्यावर हा प्रश्न. सकाळच्या घाईत अनोळखी माणसाने असं तोंडावर विचारावं याचा मला रागच आला. पण खरोखरच मला गाडीची वेळ माहीत नव्हती, समोरच्याला बरं वाटावं म्हणून मी बोलून गेले होते. तसं सांगितल्यावर ते एकदम खूश झाले आणि म्हणाले, "मग 'माहीत नाही' म्हणायचंस. अर्धा गुण मिळाला असता."

हा अर्धा गुण काय प्रकार आहे ते मला पुढे कळलं. आमच्या घरापासून दोन घरं सोडून त्यांचं घर. रत्नागिरीत त्यांचा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं आणि आंब्याच्या पेट्यांवरची लेबलं तिथे छापली जायची. जे छापायला येईल ते हा माणूस पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा आणि त्यातलं काही कळलं नाही तर गिऱ्हाईकालाच उलट प्रश्न विचारायचा. एका बागायतदाराने पेटीवर परदेशाचा झेंडा छापून मागितला, तर आप्पांनी त्याला त्या झेंड्याचे रंग का तसे आहेत ते सांगत तासभर बसवून ठेवलं. छापखाना बंद झाला तरी ही खोड गेली नाही. सुमनकाकू म्हणायच्या, ह्यांना जेवायला वाढलं तरी आधी मीठ कुठल्या आगरातलं ते विचारतील.

टाळेबंदीत सगळे घरात अडकले तेव्हा आप्पांनी रविवारी संध्याकाळी चहाच्या वेळेला व्हिडिओ कॉलवर प्रश्नमंजुषा सुरू केली. मी होते, खेडचे देसाई वकील होते, दापोलीच्या निवृत्त प्राध्यापिका शुभदाताई होत्या, आणि मूळचा भाट्याचाच पण आता पुण्यात संगणकाच्या कंपनीत असलेला मंदार होता. हळूहळू आणखी माणसं आली. बक्षीस नाही, प्रमाणपत्र नाही, नुसती हौस. नियम मात्र आप्पांचे. उत्तर ठाऊक असेल तर पूर्ण गुण. ठोकून दिलं आणि चुकलं तर शून्य. आणि सरळ 'माहीत नाही' म्हटलं तर अर्धा गुण.

देसाई वकिलांनी पहिल्याच रविवारी हरकत घेतली होती. अज्ञानाला गुण कसला, असं त्यांचं म्हणणं. आप्पा म्हणाले, "वकीलसाहेब, चार माणसांत माहीत नाही म्हणायला जीभ जड होते. ते ओझं उचलल्याची ही हमाली."

गुणांचा हिशेब सुमनकाकूंकडे. त्या आप्पांच्या शेजारी पाट मांडून बसायच्या आणि प्रत्येकाच्या नावाने चिंचोके ठेवायच्या. पूर्ण गुणाला अख्खा चिंचोका आणि अर्ध्या गुणाला फोडलेला, त्याची पांढरी बाजू वर करून. शेवटी आप्पा फोनचा कॅमेरा पाटावर धरायचे आणि आम्ही सगळे आपापले चिंचोके मोजायचो. शुभदाताईंसारखी विदुषी बाई फोडलेल्या चिंचोक्यांचा ढीग बघून लहान मुलीसारखी हसायची. कोण पहिला आला हे सोमवारपर्यंत कोणाच्या लक्षातही राहत नसे.

आप्पांच्या प्रश्नाला शेपूट असायचं. आपल्या जांभ्या दगडाला इंग्रजीत लॅटराइट म्हणतात, तो शब्द ज्या लॅटिन शब्दावरून आला त्याचा अर्थ काय, हा त्यांचा फार आवडता प्रश्न. उत्तर आहे वीट. कारण जांभा ओला असताना विटेसारखा कापता येतो आणि वाऱ्यावर वाळला की टणक होतो. एवढं सांगून आप्पा थांबत नसत. ते उठायचे, फोन घेऊन अंगणात जायचे आणि आपल्या कुंपणातला जांभ्याचा चिरा जवळून दाखवायचे. "ह्याचं नाव ठेवणारा आपल्याच देशात हिंडत होता हो, दक्षिणेत. आणि आपण चिऱ्याला टेकून पेपर वाचतो नि आपल्याला पत्ता नाही."

मग दिवस पालटले. माणसं वाढली, कामाला लागली, आणि दीड-दोन तास कोणाला परवडेना. मंदारने एक ॲप आणलं. प्रश्न पडद्यावर येणार, खाली चार पर्याय, वर उलटं चालणारं घड्याळ. व्हिडिओ कॉल बंद, ज्याने त्याने आपापल्या फोनवर दहा सेकंदांत बटण दाबायचं. जो लवकर दाबेल त्याला जास्त गुण. आप्पांनी आनंदाने कारभार त्याच्या हाती दिला, तरुण माणसाने चालवावं म्हणाले. त्यांनी एकच विचारलं, पाचवा पर्याय 'माहीत नाही' असा ठेवता येईल का. मंदार म्हणाला, ॲपमध्ये चारच बसतात.

नेमक्या त्याच सुमाराला आप्पांना कंपवाताने गाठलं. उजवा हात आधी थरथरायला लागला, मग डावा. डोकं तल्लख, वाचा स्वच्छ, स्मरण तर माझ्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं. पण बोट हवं तिथे टेकेना. घड्याळ उलटं पळायला लागलं की हात आणखी थरथरायचा. रविवारी मी त्यांच्या ओटीवर जाऊन बसायला लागले, आणि जे बघितलं ते आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

एका रविवारी मंदारने जांभ्याचाच प्रश्न टाकला. आप्पांना मान म्हणून टाकला असावा, एवढं त्याच्या बाजूने म्हणते. पर्याय होते वीट, रक्त, माती आणि लाल. आप्पा हसले आणि मोठ्याने "वीट" म्हणाले. बोट पुढे नेलं. ते वीटवर गेलं, घसरलं, परत आलं, पुन्हा घसरलं, आणि 'लाल'वर पडलं. पडद्यावर तांबडी फुली आली आणि तिच्याखाली एक रडकं तोंड आलं. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला ते यंत्र रडकं तोंड दाखवत होतं. पाठोपाठ ग्रुपवर देसाई वकिलांचा संदेश: 'आप्पा, स्वतःचाच प्रश्न चुकलात की!' आणि हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग.

सुमनकाकूंच्या हातात अख्खा चिंचोका तयार होता. तो पाटावर ठेवावा की परत डब्यात टाकावा हे त्यांना कळेना. "मेलं ते घड्याळ कोणी घातलंय त्यात?" एवढंच त्या म्हणाल्या.

मी फोन उचलला. मंदारला आत्ताच्या आत्ता सांगते म्हटलं. आप्पांनी थरथरत्या हाताने माझं मनगट धरलं. "नाही सांगायचं, नीले. आज हात सांगशील, उद्या ते मला सोपे प्रश्न काढतील. ते मला चालायचं नाही." मी म्हटलं, पण आप्पा, त्यांना वाटतंय तुम्ही विसरलात. त्यावर त्यांनी माझं मनगट सोडलं. "वाटू दे. ठोकतायत ते."

त्यांच्या हाताबद्दल गप्प राहायचं मी कबूल केलं, पण घड्याळाबद्दल गप्प राहायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मंदारला फोन केला आणि एवढंच म्हटलं की वेळ वाढव, निदान मिनिटभर कर, आमच्यासारख्यांना वाचायलाही वेळ लागतो. तो गोड मुलगा आहे, आवाज चढवत नाही. म्हणाला, "नीलाताई, वेळ दिला की लोक मोबाइलवर शोधतात. दहा सेकंदांत शोधता येत नाही. आणि नियम सगळ्यांना सारखाच आहे ना?"

सारखाच! हा शब्द ज्याने काढला त्याला एकदा भाट्याच्या पुळणीवर आप्पांबरोबर पळायला लावावं. चार लबाड शोधतात म्हणून त्यांना आवरायचं, आणि ते कसं, तर ज्याने जन्मात कधी शोधलं नाही त्याचं तोंड बंद करून. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. बरं, लबाडी तरी थांबली का? देसाई वकिलांनी मला स्वतः अभिमानाने सांगितलं होतं की ते प्रश्न अर्धाच वाचतात आणि 'ब' दाबतात, चारातून एकदा लागतंच. म्हणजे पूर्वी ठोकणाऱ्याला शून्य होतं, आता ठोकणाऱ्याला बढती होती, आणि ठाऊक असणाऱ्याच्या नावापुढे रडकं तोंड. याला म्हणे सामान्यज्ञान!

आप्पा आणखी काही रविवार खेळले. दर वेळी तळाला. मग एक दिवस त्यांनी फोन उपडा ठेवला आणि म्हणाले, मला ह्यात गंमत येत नाही. त्या आठवड्यात देसाई वकिलांचा मला फोन आला. आवाजात कळवळा आणून म्हणाले, आप्पांचं आता वय झालं हो, विसरायला लागले, वाईट वाटतं. जिभेवर आलेलं सगळं मी गिळलं, कारण शब्द दिला होता. मी फक्त विचारलं, "वकीलसाहेब, ठाऊक आहे, की ठोकताय?" त्यांना काही कळलं नाही. ते हसले.

ॲप सुटलं तरी आमचा रविवार सुटला नाही. ॲपवर येऊन गेलेले प्रश्न मी ओटीवर बसून वाचून दाखवायची, घड्याळाशिवाय. आप्पा चहा गार होऊ देत, डोळे मिटून, सावकाश उत्तर द्यायचे आणि त्याचं शेपूटही सांगायचे. काकू चिंचोके मांडायच्या. एकदा ज्या देशाच्या झेंड्याच्या दोन बाजू वेगळ्या असतात तो देश कोणता, असा प्रश्न आला. मी म्हटलं, पॅराग्वे. आप्पांनी एक डोळा उघडून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, ठाऊक आहे हो, तुम्हीच सांगितलं होतंत. मग कुठे अख्खा चिंचोका मिळाला. बहुतेक रविवारी सगळे प्रश्न त्यांना यायचे. क्वचित एखादा यायचा नाही, आणि तेव्हा त्यांचा चेहरा जास्त खुलायचा. "माहीत नाही गो," असं ते अगदी चवीने म्हणायचे, आणि काकू फोडलेला चिंचोका ठेवायच्या.

मार्गशीर्षात आप्पा गेले. दुपारी पेपर वाचता वाचता, चिऱ्याच्या कुंपणाजवळच्या खुर्चीत. ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पूर आला. चालतंबोलतं ज्ञान, आधारवड, पोकळी, सगळं झालं. आणि पंधरवड्याने मंदारचा संदेश आला की येत्या रविवारी आप्पांच्या नावाने स्मृती प्रश्नमंजुषा ठेवली आहे, सर्वांनी ॲपवर वेळेत हजर राहावं. खाली ठळक अक्षरांत: 'प्रत्येक प्रश्नाला दहा सेकंद.'

मला वाटलं, जाऊच नये. पण आपण गेलो नाही तर त्यांच्या नावाने काय चाललंय ते कळायचं नाही, म्हणून घरीच फोन घेऊन बसले. आप्पांचा फोटो आला, पाठोपाठ पहिला प्रश्न. 'आप्पांचा जन्म कोणत्या गावी झाला?' पर्याय चार: भाट्ये, दापोली, खेड, गुहागर.

घड्याळ उलटं पळायला लागलं. मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं दोन घरं सोडून राहिले, त्यांनी मला विटेपासून झेंड्यांपर्यंत सगळं शिकवलं, आणि ते स्वतः कुठले हे विचारायचं कधी सुचलं नाही. मी बोट उचललंच नाही. वेळ संपली. पडद्यावर निकाल आला. बाकी झाडून सगळ्यांनी उत्तर दिलं होतं. कोणी भाट्ये, कोणी खेड, कोणी गुहागर. देसाई वकिलांचा 'ब' दापोलीवर बसला होता आणि तेच बरोबर निघालं होतं, त्यांच्या नावाभोवती फटाके फुटत होते, आणि माझ्या नावापुढे रडकं तोंड होतं. त्या माणसाच्या श्राद्धाला बसून त्यालाच ठोकून देत होते सगळे.

मी ॲप तसंच ठेवलं आणि ग्रुपवर लिहिलं, 'मला माहीत नाही.' मग राहवलं नाही म्हणून खाली आणखी लिहिलं: 'तुमच्यापैकी कोणाला ठाऊक होतं, आणि कोणी ठोकलं?'

मंदार काही टाइप करत असल्याचं दिसलं आणि थांबलं. तेवढ्यात एक फोटो आला, आप्पांच्या नंबरावरून. त्यांचा फोन काकूंनी बंद केला नव्हता. ठाण्याच्या लेकीला अंगणातल्या अबोलीच्या फुलांचे फोटो त्या त्याच फोनवरून पाठवायच्या, आणि आप्पांचं नाव ग्रुपमधून काढायचं कोणाला सुचलं नव्हतं.

फोटोत ओटीवरचा पाट होता. पाटावर एकच फोडलेला चिंचोका, पांढरी बाजू वर. बाकी पाट रिकामा.

तोवर ॲपवर दुसरा प्रश्न येऊन पडला होता. घड्याळ दहापासून शून्यापर्यंत उतरलं, आणि कोणीही बटण दाबलं नाही.