बादलीतला चेंडू

देवळाली कॅम्पातल्या एका क्लबात मी कारकून होतो. तिथे बोलिंगची, म्हणजे जड चेंडू घरंगळवत नेऊन टोकाला मांडलेले लाकडी खुंट पाडायच्या खेळाची, जुनी लाकडी पट्टी होती, आणि तिच्यासाठी शिसवी चेंडू करून देणारा एक म्हातारा सुतार. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही, याची आता लाज वाटते.

चेंडू घडला की तो पाण्याच्या बादलीत सोडायचा. चेंडू सावकाश फिरून थांबला, की खाली गेलेली बाजू जड. तिथे खडूने खूण करून तो नेमक्या त्याच जागी, चेंडू धरायला बोटं घालतात ती भोकं पाडायचा. जास्तीचं वजन तेवढं निघून जायचं.

"नायतर गडी कितीबी सरळ फेकू दे, चेंडू कडंलाच जाणार," तो म्हणायचा.

पुढे क्लबाने तयार चेंडू आणले. सुताराचं येणं थांबलं.

वर्षभराने तो मला बाजारात दिसला. अर्धांगवायूने त्याची डावी बाजू गेली होती. चालताना तो सारखा डावीकडे ओढला जाऊन दुकानांच्या पायऱ्यांवर आपटत होता. मी धावत जाऊन हात धरला. त्याने मला ओळखलं.

"भाऊसाहेब, जड बाजू तर घावली," तो म्हणाला. "आता भोकं कुठं पाडू?"