कांबळेमामांच्या चिंध्या

शनिवारी बँकेचं शटर अर्धं खाली आलं, की कांबळेमामा मागच्या खोलीत वर्तमानपत्र पसरून बसत. हातात कात्री, पुढ्यात धुतलेला जुना बनियन आणि मापाला पुठ्ठ्याचा चौकोन. शिवणी काढून टाकून ते एकसारख्या चिंध्या कापत. मग एकेक चिंधी तेलात बुडवून लांब गजानं बंदुकीच्या नळीतून फिरवत, नळी साफ करत. राजारामपुरीतल्या आमच्या शाखेचे ते सुरक्षारक्षक, मी कॅशियर.

“तयार कशाला इकत आणायच्या? कापड सुती पायजे, बस. टेरिकॉट तेल पीत न्हाय,” ते सांगत. “फकस्त माप चुकू द्यायचं न्हाय. घट्ट झाली की नळीत बसती अडकून. ना म्होरं, ना मागं.”

फौजेतून सुटल्यावर मलकापूरजवळच्या आपल्या गावी ते शेती करणार होते. पण मामींची मूत्रपिंडं गेली, आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. शहर सोडता येईना आणि खोलीचं भाडं पेन्शनला झेपेना. म्हणून ही नोकरी.

एका वर्षी चिंध्यांचे कोपरे वाकडे येऊ लागले. “डोळं अधू झाल्यात,” मामा म्हणाले. पण थरथरत होता तो उजवा हात. मी कात्री काढून घेतली.

“म्याडम, सायबास्नी सांगू नका. बंदूक गेली तर खोली गेली.”

मी शब्द दिला. त्यानंतर दर शनिवारी चिंध्या मी कापत असे. इतर दिवशी नोटा मोजता मोजता माझी नजर त्या हाताकडे जाई. दारात म्हातारी माणसं, पोरंबाळं उभी असत. सांगवतही नव्हतं, गप्प बसवतही नव्हतं.

पेन्शनच्या दिवशी, ऐन गर्दीत बंदूक त्यांच्या हातून निसटली आणि फरशीवर आदळली. बायका डोकं धरून खाली बसल्या. मी डोळे मिटून घेतले. काहीच झालं नाही.

मॅनेजरांनी बंदूक उघडायला लावली. ती रिकामी होती. मामांनी खिशातून दोन काडतुसं काढून टेबलावर ठेवली. “हात कापाय लागला तवापास्नं भरलीच न्हाय, सायेब. मान्सं असत्यात हितं.”

“मग इतके दिवस राखलंत काय?” मॅनेजर म्हणाले. त्याच आठवड्यात त्यांची नोकरी गेली.

काही महिन्यांनी ते एका अपार्टमेंटच्या गेटवर दिसले. समोर चहाला चला म्हटलं, तर म्हणाले, “गेट सोडता येत न्हाय.” मग मीच चहा आणला. दोन्ही हातांनी कप धरून ते पीत होते. मामींना दुसऱ्या दिवशी डायलिसिसला न्यायचं होतं.

“रिकामी होती, हे मला तरी सांगायचं,” मी म्हटलं. “वर्षभर जीव मुठीत धरून बसले मी.”

“एका गुपितात तुमास्नी अडकवलंच हुतं,” मामा म्हणाले. “दुसरं कुठं घालू?”

मागून गाडीचा हॉर्न वाजला. कप माझ्या हातात देऊन ते गेट उघडायला गेले.