गोळीचे चार दिवस

पंखेवाल्या मावशींना थंडी वाजलेली मी कधीच पाहिली नाही. पहिल्यांदा दिसल्या तेव्हा जानेवारी होता. इंदूरच्या दवाखान्यात आम्ही सगळ्या बाया शाली, स्वेटर, कानटोप्या घालून बाकांवर आकसून बसलो होतो, आणि या मात्र पदर सैल सोडून बांबूच्या पंख्यानं खसाखसा वारा घेत होत्या. पंख्याला जुन्या लुगड्याची लाल झालर होती. शेजारच्या म्हातारीनं "अहो, वारा लागतोय आम्हाला" अशी कुरकुर केली. मावशी म्हणाल्या, "माय, तुमी त्या बाकावर सरका. मी सरकले तर ही गरमी बी माझ्यासंगं सरकते." म्हातारी सरकली. त्या रिकाम्या जागेवर मावशींनी मला हात धरून बसवलं. "तुमी बऱ्हाणपूरच्या न? सकाळी बसमध्ये खिडकी उघड-बंद, उघड-बंद चाललं होतं तुमचं. तवाच समजलं, ही आपल्यातली हाय."

आपल्यातली म्हणजे काय, हे मला तेव्हा कुठं धड ठाऊक होतं! मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. एकेचाळिसाव्या वर्षी स्तनात गाठ निघाली, ऑपरेशन झालं, केमोची इंजेक्शनं झाली. शेवटचं इंजेक्शन संपलं त्या दिवशी ह्यांनी मावा जिलेबी आणली आणि आम्ही सगळ्यांनी 'सुटलो' म्हणून खाल्ली. पण डॉक्टरांनी पाच वर्षं रोज एक हार्मोनची गोळी लिहून दिली होती, आणि पाळी तर केमोतच बंद पडली होती. इतर बायकांकडे जे पाहुण्यासारखं हळूहळू, वर्ष-दोन वर्षं घेत येतं, ते माझ्याकडे चार महिन्यांत दार मोडून आत आलं. अंगातून वाफा निघायच्या, झोप उडाली, बोटं सकाळी लाकडासारखी व्हायची. आणि राग! एकदा भागाकार चुकला म्हणून मी डस्टर असा भिरकावला की तो खिडकीतून बाहेर गेला. मुली घाबरल्या, आणि खरं सांगते, मीही घाबरले.

घरच्यांचं निदान तयार होतं: औषधाची उष्णता. आणि आमच्या भागात उष्णतेवर एकच इलाज, केळं. दापोऱ्याहून माझ्या भावानं अख्खा घड पाठवला. सकाळी केळं, दुपारी केळ्याचं शिकरण, संध्याकाळी पुन्हा केळं. उष्णता काही हटली नाही, उलट केळ्याचा वास आला तरी पोटात ढवळायला लागलं. मावशींच्या घरची शाहपूरला केळीचीच बाग, पण हे ऐकून त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावला. "केळानं गेलं असतं तर मी बागेतच खाट टाकली असती न!"

अंगात वाफ उसळली की त्या म्हणायच्या, "गाडी आली." हलकी असली तर पॅसेंजर, घामानं ब्लाउज भिजवणारी असली तर एक्स्प्रेस. त्यांच्या आजाराला माझ्यापेक्षा चार वर्षं जास्त झालेली, त्यामुळे या बाबतीत त्या माझ्या वरिष्ठ. "गाडी येते, दोन-तीन मिनिटं थांबते अन् निघून जाते. तू काहून घाबरते? सुती नेस, पाणी पी, अन् जाऊ दे तिले." ऐकायला किती साधं! पण तोवर दर वेळी मला वाटायचं की आता काहीतरी होणार, जीवच जाणार. दुसऱ्या आठवड्यात वर्गात वाफ आली तेव्हा मी खुर्चीवर बसले आणि मुलींना म्हटलं, "माझी गाडी आलीय, तोवर सतराचा पाढा म्हणा." त्या वर्षी आमच्या वर्गाइतका सतराचा पाढा पक्का कोणाचाच नव्हता.

मावशींना लाज नावाची गोष्ट देवानं दिली नव्हती, किंवा दिली होती ती त्यांनी दवाखान्याच्या दारात चपलांसोबत काढून ठेवली होती. तपासणीच्या रांगेत, पुढं-मागं माणसं असताना, त्यांनी मला विचारलं, "नवऱ्याजवळ झोपते का?" मी गणिताची बाई. मला त्रिज्या विचारा, व्यास विचारा. मी पर्समधला कागद शोधायला लागले. "कोरडं पडते, दुखते, हे डॉक्टरले सांगजो. जीभ दाखवतो आपण, पोट दाखवतो, मग हेच काहून लपवाचं?" मी आत गेले आणि डोळे मिटून एका दमात सांगून टाकलं. डॉक्टरीणबाई माझ्याहून लहान. त्यांनी मान हलवली आणि हार्मोन नसलेली एक जेली लिहून दिली. दोन मिनिटांचं काम! त्यासाठी आमच्या घरात सहा महिने अबोला नांदत होता. ह्यांना वाटत होतं मी रागावलेय, आणि मला वाटत होतं ह्यांना माझी किळस येते. दोघंही वेडे.

मावशींचा एक कायदा होता: "नेसाचं मनानं, खाचं इचारून." शेजारणीनं मला एक चूर्ण आणून दिलं होतं, बायकांच्या सगळ्या तक्रारींवर म्हणे रामबाण. मावशींनी डबी हातात घेतली, वास घेतला आणि सरळ स्वतःच्या पिशवीत टाकली. पुढच्या खेपेला ती डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवली. त्या म्हणाल्या, यात काय काय आहे देव जाणे, आणि यांची गाठ हार्मोनवर वाढणारी होती, तेव्हा असलं काही नकोच. बाहेर आल्यावर मावशी म्हणाल्या, "शेजारणीले सांगजो, लई गुण आला. तिचं मन काहून मोडाचं?" खोटं बोलण्यात त्यांना काही वाटत नसे. फक्त ते दुसऱ्याच्या सोयीचं असलं पाहिजे, एवढंच.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगते. पहिलं वर्ष सरता सरता मी गोळी बंद केली. कुणालाही न सांगता. रोज सकाळी पाकिटातून गोळी काढायची, पाण्याचा पेला तोंडाला लावायचा आणि गोळी मोरीत सोडायची. पाच आठवड्यांत बोटं मोकळी झाली, गाड्या कमी झाल्या. कणीक मळता येऊ लागली. खडू हातात नीट धरता येऊ लागला. सासूबाई म्हणाल्या, "आता कशी पहिल्यासारखी दिसतेस!" मला वाटलं, डॉक्टरांना काय कळतं? मोठी शहाणी मी.

मावशी बाजाराच्या दिवशी बऱ्हाणपुरात आल्या की केळीची एक फणी घेऊन आमच्याकडे येत. त्या दिवशी मी अंगणात सतरंजी धुऊन पिळत होते. मावशी दारातच थांबल्या. बराच वेळ माझ्या हातांकडे पाहून म्हणाल्या, "मागच्या महिन्यात तुझ्याच्यानं लिंबू पिळल्या जात नव्हतं. आज सतरंजी पिळू रायली. गोळी कधी सोडली?"

मी आधी उडवाउडवी केली, मग रडले. वाटलं, आता बोलणी खावी लागणार. पण त्या माझ्याशेजारी ओल्या फरशीवर बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "मी बी सोडली होती. चार महिने. कोणाले नाही सांगितलं. मग पुन्हा सुरू केली. मले काही झालं नाही, ते माझं नशीब. पण नशिबाले रोज रोज हाक मारू नाही." मग म्हणाल्या, "सगळं नको सांगू. काय सहन होत नाही, ते एक सांग."

आणि माझ्या तोंडून निघालं ते मलाही नवीन होतं. मी म्हटलं, "मावशी, दुखणं सहन होतं. पण मला बसायलाच मिळत नाही हो."

त्याचं असं की आमच्या घरात सासूबाई विटाळ पाळतात. लग्न झाल्यापासून महिन्याचे चार दिवस मी स्वयंपाकघराबाहेर. या प्रकारावर मी शिकलेली बाई म्हणून वीस वर्षं धुसफुसले, ह्यांच्याशी भांडले, माहेरी जाऊन नाकं मुरडली. पण ते चार दिवस मी कोपऱ्यात बसून वह्या तपासायची, झोपायची, आयतं जेवायची. पाळी गेली आणि चार दिवसही गेले. आता शरीर रोज दुखत होतं आणि बाजूला बसायला कारण उरलं नव्हतं. ज्या रूढीला मी शिव्या दिल्या तिच्यासाठीच मी आता अंगणात बसून रडत होते. विद्यार्थिनींनी पाहिलं असतं तर?

मावशी उठल्या आणि थेट सासूबाईंसमोर जाऊन बसल्या. गोळी सोडल्याचं अक्षरही काढलं नाही. "काकू, तुमच्या घरात पाळता न?"

"पाळतो तर," सासूबाई ताठ होऊन म्हणाल्या.

"मग सूनबाईचे चार दिवस कुठं गेले?"

"आता तिला येत नाही. मग पाळायचं कसलं?"

"येत नाही म्हणून तं पाळाचं. आपल्या बाया पन्नाशीपर्यंत चार दिवस बसतात. हिचे दहा वर्षांचे दिवस औषधानं एकदम खाल्ले. ते घरानं द्याचे का नाही?"

मी दाराआड उभी. सासूबाईंचं घराणं नियमाचं. नियम मोडा म्हटलं असतं तर त्यांनी मावशींना चहासुद्धा दिला नसता. पण इथं कुणी नियम मोडा म्हणत नव्हतं, पुरा पाळा म्हणत होतं. सासूबाई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत राहिल्या. मग गंभीरपणे म्हणाल्या, "कधीपासून धरायचे?"

"अमावस्येपासून धरा."

झालं! पुढच्या अमावस्येला सासूबाईंनी मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर अडवलं. "आजपासून तुझे गोळीचे चार दिवस." मी विचारलं, देवपूजेचं काय? त्यांनी क्षणभर विचार केला. "देवाला हात लाव. चुलीला लावायचा नाही." नियमात एवढी दुरुस्ती त्यांनी आपल्या अधिकारात केली. चार दिवस त्यांनी पोळ्या केल्या, ह्यांनी भांडी घासली आणि मी आयतं जेवून झोपले. शेजारीण चौकशीला आली, "पुन्हा सुरू झालं का हो?" तर सासूबाई तिलाच म्हणाल्या, "गोळीचं पाळतो आम्ही. तुमच्याकडे नाही पाळत?"

मी गोळी पुन्हा सुरू केली आणि मावशींना सोबत घेऊन इंदूरला गेले. सोडल्याचं डॉक्टरीणबाईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, सोडतात पुष्कळ जणी, सांगत नाहीत ही खरी पंचाईत. त्यांनी गोळी बदलली, वाफांसाठी एक वेगळी छोटी गोळी दिली, बोटांचे व्यायाम शिकवले, रोज चालायला सांगितलं. तपासण्या झाल्या. रिपोर्ट यायचे होते ते दोन तास मावशी काहीबाही बोलत राहिल्या: केळीवरचा करपा, सुनेचा मोबाईल, बसवाल्याची मुजोरी. सगळं नीट निघालं तेव्हा मात्र त्या भिंतीला डोकं टेकून बसून राहिल्या. मला वाटलं, दमल्या असतील.

पुढं मावशी लेकीकडे सुरतेला राहायला गेल्या. निरोप घ्यायला आल्या तेव्हा सासूबाईंनी त्यांची ओटी भरली. गेल्यावरही महिन्यातून एकदा त्यांचा फोन यायचाच. कारण दर वेळी निराळं. बऱ्हाणपूरला ऊन किती, लोणच्याला कैऱ्या आल्या का, आणि बोलता बोलता सहज, "गोळी चालू हाय न?"

परवा पाच वर्षं पूर्ण झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद चाळले, हसल्या आणि म्हणाल्या, गोळी बंद. मी दवाखान्याच्या पायरीवर बसूनच मावशींना फोन लावला. मला इतकं हलकं वाटत होतं की शब्द एकमेकांत अडकत होते. म्हटलं, "मावशी, पूर्ण झालं! तुम्ही त्या दिवशी स्वतःचं सांगितलं नसतं, चार महिने सोडल्याचं, तर मी काही ऐकलं नसतं."

त्या म्हणाल्या, "मी नव्हती सोडली व. एक दिवस बी नाही. सोडली ते माझ्या धाकट्या जावेनं. दोघींचं एकाच साली निघालं होतं. तिनं सोडली अन् मले म्हणे, अक्का, कोणाले सांगू नका. मी नाही सांगितलं. वर्षात परत आलं तिचं."

मी म्हटलं, "मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"भेवून खाल्लेली गोळी महिनाभर चालते. तुले पाच वर्षं चालवाची होती."

मी त्यांच्या जावेचं नाव विचारलं.

"विमल," मावशी म्हणाल्या. "लई दिवसांनी कोणी इचारलं." त्यांच्या आवाजात मला दुःखापेक्षा मोकळेपणाच जास्त ऐकू आला. "आज तिच्या फोटोपुढं दिवा लावताना तिले सांगते, एकीची पूर्ण झाली म्हणून."