खुराड्यातलं एकटं बदक

माझ्या नवऱ्याला निवृत्तीनंतर लोक करतात तसला एकही बरा उद्योग सुचला नाही. शेजारचे गृहस्थ रोज टेकडीवर जातात. समोरचे पेटी शिकतात आणि ती सगळ्या गल्लीला ऐकवतात. आमच्याकडे कोंबड्या आल्या. कात्रजला घर बांधलं तेव्हा मागे जरा मोकळी जागा सोडली होती, तिथे मी मोगरा लावला होता. त्याचं आळं कोंबड्यांनी पहिल्याच आठवड्यात उकरून टाकलं.

मग गावठी कोंबड्यांच्या सोबतीला दोन गिनी कोंबड्या आल्या. अंगभर ठिपके, आणि आवाज असा की दाराच्या बिजागरीला तेल नाही. त्यानंतर पांढऱ्या बदकांची जोडी. मी म्हटलं, "अहो, निरनिराळ्या जातीचे पक्षी एका खुराड्यात राहतात का कुठे?" हे मूळचे विदर्भातले, अख्खी नोकरी पुण्यात काढूनही बोली तशीच राहिलेली. म्हणाले, "काहून नाही राहणार? आपण नाही का राहिलो?" मी जन्माने पुण्याची. मी आत जाऊन चहा टाकला.

पक्षी राहिले, पण सुखासुखी नाही. बदकं पिण्याच्या पाण्यातच आंघोळ करायची आणि मग कोंबड्या त्या चिखलाकडे तिरक्या मानेने बघत तहानलेल्या बसायच्या. म्हणून यांनी कोंबड्यांचं भांडं उंचावर टांगलं आणि बदकांसाठी लांब, पपईखाली एक घमेलं ठेवलं. रात्री कोंबड्या दांडीवर चढून झोपणार, बदकं खाली पेंढ्यात, आणि वरून जे पडायचं ते बदकांच्या डोक्यावर. त्यावर यांनी दांडीखाली जुना पत्रा आडवा ठोकला. असा सगळा संसार. दिवेलागणीला हे दारात उभे राहून हाक मारायचे, "या जी, या!" आधी कोंबड्या आत शिरायच्या, मग गिनी कोंबड्या सगळ्यांच्या डोक्यावरून उडून सगळ्यात वरच्या दांडीवर, आणि शेवटी ती दोन बदकं, एकामागे एक, डुलत डुलत. मी म्हणायची, "कोंबड्यांना 'या जी' आणि मला नुसतं 'ऐक गं'!" हे हसायचे. मिशीतल्या मिशीत.

हे गेले त्याला आता दोन वर्षं होतील. दिवसकार्य उरकलं तशी कोथरूडची मुलगी म्हणाली, "आई, ते पक्षी देऊन टाक आणि माझ्याकडे चल." मी म्हटलं, बघू. पुण्यात 'बघू' म्हणजे नाही, हे तिला वेगळं सांगावं लागत नाही. खरं कारण मी तिला सांगितलं नव्हतं. दिवसभर माणूस काहीतरी करतो. भाजी निवडतो, पेपर वाचतो, बँकेत जाऊन भांडून येतो. संध्याकाळी आत घ्यायलासुद्धा कुणी नसेल तर करायचं काय, याची मला भीती वाटत होती.

या उन्हाळ्यात मुंगसाने बदकांतला नर नेला. कुंपणापाशी थोडी पिसं सापडली, बाकी काही नाही. मादी दोन दिवस अंगणात फिरत ओरडत होती. घमेल्यापाशी जाऊन यायची, पपईच्या मागे बघून यायची. मग ओरडायची थांबली आणि खायचीही थांबली. मी स्वयंपाकघराच्या पायरीवर बसले की येऊन शेजारी बसायची. उठून आत गेले की दाराशी उभी. तिच्याकडे बघताना मला माझे पहिले काही महिने आठवायचे.

दिवसा तरी बरं होतं. दिवेलागणीला कोंबड्या एकेक करून दांडीवर चढायच्या, एकमेकींना ढुशा देत, कुरकुरत जागा करून घ्यायच्या आणि पंखाला पंख लावून बसायच्या. ही खाली उभी राहून वर बघत राहायची. बदकाच्या पावलांना दांडी धरता येत नाही. एकदा तिने उडी मारून पाहिली, पत्र्यावर आपटली आणि घसरून पेंढ्यात पडली. कोंबड्यांनी तिला छळलं असं कुणी म्हणू नये. कुणी टोचलं नाही, कुणी दाण्यावरून हाकललं नाही. माझ्याही शेजारपाजाऱ्यांना कुणी नावं ठेवू नयेत, सणावाराला ताट पाठवतात, गॅसचा सिलिंडर उचलून देतात. फक्त अंधार पडला की सगळ्या वर आणि ती खाली.

मुलीने मोबाइलवर शोधून उपाय सांगितला. एकट्या पक्ष्यापुढे आरसा ठेवायचा, म्हणजे त्याला सोबत आहे असं वाटतं. मी बेसिनवरचा यांचा दाढीचा आरसा काढला आणि खुराड्यात विटेला टेकून उभा केला. त्या दिवसापासून ती खायला लागली. आरशासमोर उभी राहायची, मान खालीवर करायची, एक घास घ्यायची आणि पुन्हा बघायची. रात्री काचेला अंग लावून झोपायची. मुलगी म्हणाली, "बघ, लागू पडलं की नाही!" लागू पडलं होतं. मला मात्र ते बघवेना. काच गार असते. एका संध्याकाळी खुराड्याचं दार लावता लावता मी तिथेच खाली बसले आणि पोटभर रडले. आणि ठरवलं, हिला हिच्या माणसांत पाठवायचं.

आमच्या दूधवाल्याचा पुतण्या घाटापलीकडे शेती करतो. त्याच्या शेततळ्यावर पुष्कळ बदकं आहेत. तो स्वतः मोटारसायकलवर पाटी बांधून न्यायला आला. तिला पाटीत ठेवताना मला म्हणाला, "काकू, थोडं दिवस बघाया येऊ नका. तुम्ही दिसला की पुन्हा तुमच्याच मागं लागंल. रुळू द्या. तिथं तिच्या जातीची लई हायत." गंमत म्हणजे मुलगी मला हेच सांगते. आमच्या इमारतीखाली ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आहे, तुझ्या वयाच्या कितीतरी बायका आहेत, रुळशील.

मी त्याचं ऐकलं. सोपं गेलं नाही. बऱ्याचदा साडी नेसून, पिशवीत थोडी ज्वारी घालून दारापर्यंत गेले आणि परत फिरले. आपण गेलो तर तिचंच नुकसान, असं स्वतःला बजावायची. घमेलं मात्र रोज भरत होते.

दिवाळी झाल्यावर गेले. तळ्यावर पांढरी बदकंच बदकं. सगळी सारखी दिसत होती, त्यातली आपली कोणती हे मला ओळखता येईना आणि याची मला लाज वाटली. मग यांची हाक मारली. मी आयुष्यात पहिल्यांदाच ती मोठ्याने मारत होते. "या जी, या!" एकानेही मान वर केली नाही. पाण्यात सगळ्यांचा गलका चालला होता. मला बरं वाटलं आणि रागही आला. एकदा तरी वळून बघायचं, एवढंही नाही का?

पुतण्या शेजारी येऊन उभा राहिला. म्हणाला, "झ्याक रुळली काकू. आता सांगून वळखायची न्हाई. पयले चार-पाच दिस तेवढी फाटकापाशीच बसून हुती. गाडी वाजली की उठायची, बघायची, पुन्हा बसायची. मग सोडून दिलं तिनं."

तो सहज बोलला. मी ज्वारीची पिशवी त्याच्या हातात दिली आणि बसथांब्याकडे चालायला लागले. ती तिथे फाटकाशी बसलेली असताना मी इथे साडी नेसून दारातून परत फिरत होते. दोघीही शहाण्यासारख्या वागलो होतो, निदान मी तरी. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले, कारण कंडक्टर ओळखीचा होता.

घरी आले तोवर कोंबड्या आपल्या आपण दांडीवर चढल्या होत्या. त्यांना आत घ्यायला माझी गरज नव्हतीच, हे मला तेव्हा दिसलं. आरसा पुसून परत बेसिनवर लावत होते तेवढ्यात मुलीचा फोन आला.

"कशी आहे गं ती?"

"रुळली. मजेत आहे."

"बघ! मी तुला इतके दिवस काय सांगतेय? कोंबड्याही तो दूधवाल्याचा पुतण्या नेईल म्हणालाय ना? मग आता तू ये."

एरवी मी 'बघू' म्हणाले असते. "येते," मी म्हटलं. "पण एक कर. मला आणून सोडलंस की लगेच ऑफिसला पळू नकोस. पहिले चार-पाच दिवस रजा काढ."

ती हसायला लागली. "अगं, आपलंच घर आहे आई. रजा कशाला?"

"काढ," मी म्हटलं. "आणि संध्याकाळी घरातच थांब."